एएफएमसी पुणे : नीटनंतरच्या मुलाखतीची तयारी

मोहर_लातूर

महाराष्ट्रात एमबीबीएसचा प्रवेश म्हणजे नीटचा रँक, कॅप राउंड (राज्याच्या प्रवेशफेऱ्या) आणि कागदपत्रं, एवढंच आपल्याला माहीत असतं. पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज (एएफएमसी) त्याला अपवाद आहे. तिथे नीटच्या गुणांवर फक्त बोलावणं येतं. पुढे इंग्रजी-तर्काची परीक्षा, मानसिक चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. लातूर-नांदेडकडची मुलं नीटला भरपूर गुण मिळवतात, पण समोर तीन-चार अधिकारी बसले की बोलायचं काय, याचा सराव त्यांना दोन वर्षांत कुणी दिलेला नसतो. भाचीला यंदा कॉल येईल असं दिसतंय. जाणकारांनी नेमकं लिहावं : मुलाखतीला वजन किती, काय विचारतात, मुलं कुठे अडखळतात, आणि हाताशी दोन-तीन आठवडेच असतील तर आधी काय करावं?

वानवडीकर

आधी हिशोब समजून घ्या, म्हणजे वेळ कुठे घालवायचा ते ठरेल.

नीट ७२० गुण आणि टीओईएलआर, म्हणजे इंग्रजी-तर्काची परीक्षा, ८० गुण, असे ८०० होतात. ते २०० वर आणले जातात, म्हणजे सरळ चारने भागायचे. मुलाखत, त्यातच मानसिक चाचणी धरून, ५० गुणांची. अंतिम यादी २५० वर लागते. माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते, त्यामुळे आकडे तिच्याशी ताडून बघा. आजवरची रीत ही आहे.

याचा अर्थ मुलाखतीतला १ गुण नीटच्या ४ गुणांएवढा. दोन मुलांत मुलाखतीत ५ गुणांचा फरक पडला, तर तो नीटच्या २० गुणांचा, म्हणजे ५ बरोबर उत्तरांचा फरक झाला. कॉल आलेल्या मुलांचे नीटचे गुण एकमेकांना खेटून असतात. तिथे हे ५ गुण माणसाला यादीत आणतात नाहीतर बाहेर काढतात. म्हणून "नीट झाली, आता नुसतं जाऊन यायचं" या समजुतीत राहू नका.

कॉलबद्दल एक गोष्ट बरेच पालक चुकवतात. एमसीसीच्या (केंद्राच्या वैद्यकीय प्रवेश समितीच्या) संकेतस्थळावर नोंदणी करून एएफएमसीचा पर्याय निवडला असेल तरच नाव पुढे जातं. गुण कितीही असोत, पर्याय दिला नसेल तर बोलावणं येत नाही. राज्याच्या सीईटी सेलचा याच्याशी संबंध नाही आणि डोमिसाइलचा कोटाही नाही. जागा १४५, त्यांची आजवरची विभागणी मुलगे ११५ आणि मुली ३०. उमेदवार अविवाहित असणं सक्तीचं.

आणि हे एसएसबी, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नेहमीची निवडचाचणी, नव्हे. पाच दिवसांचा मुक्काम, मैदानावरचे अडथळे, गटचर्चा यातलं इथे काही नाही. एसएसबीचं पॅकेज "एएफएमसी स्पेशल" म्हणून विकणारे क्लास आहेत, त्यांच्यावर पैसे घालू नका.

प्रमेय

टीओईएलआरबद्दल लिहितो, कारण ही परीक्षा लोक हलक्यात घेतात.

४० प्रश्न, ३० मिनिटं. एका प्रश्नाला ४५ सेकंद. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला अर्धा गुण वजा. चार पर्याय असताना डोळे मिटून खूण केली तरी सरासरीने एका प्रश्नामागे पाव गुणाच्या निम्म्याएवढा फायदाच आहे : चारातून एकदा +२, तीनदा −०.५, मिळून +०.५. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर हाच फायदा प्रश्नामागे एक-तृतीयांश गुणावर जातो. तेव्हा प्रश्न कोरा सोडणं परवडत नाही. नीटच्या सवयीने मुलं "शंका आली की सोडा" म्हणतात आणि सात-आठ प्रश्न कोरे ठेवून येतात.

वेळ खातात ते उतारे. आधी समानार्थी-विरुद्धार्थी, वाक्यातली चूक, रिकाम्या जागा, मग अंकमालिका, नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, आणि उतारा शेवटी असा क्रम बहुतेकांना मानवतो. रोज घड्याळ लावून ४० प्रश्नांचा एक संच सोडवा. चुकलेल्या प्रश्नांचीच वही ठेवा, नवीन शब्दांच्या याद्या या टप्प्यावर पाठ होत नाहीत.

जाई_कोल्हापूर

वानवडीकर काका, मुलाखतीत नेमकं काय विचारतात? "व्हाय एएफएमसी" याचं उत्तर सगळी मुलं सारखंच देतात ना?

वानवडीकर

देतात, आणि म्हणूनच ते उत्तर फुकट जातं. "लहानपणापासून देशसेवेची आवड आणि डॉक्टर व्हायचं स्वप्न, इथे दोन्ही पूर्ण होतं" हे वाक्य पॅनेल सकाळपासून ऐकत असतं. ते खोटं आहे असं नाही, पण त्यातून त्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो : "देशसेवा तर ग्रामीण रुग्णालयातही होते. मग गणवेशच का?" इथे पाठांतर संपतं.

पॅनेलला पाहायचं असतं ते हे, की या मुलाला आपण अधिकारी होणार आहोत हे समजलंय का. एमबीबीएस झाल्यावर कमिशन, म्हणजे सैन्यात अधिकारीपद, मिळतं. काहींना परमनंट, काहींना शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे किमान ७ वर्षं. नेमणूक भूदल, नौदल किंवा हवाई दलात, कुठेही. बटालियनबरोबर राहणारा रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर हा शंभर खाटांच्या हॉस्पिटलात बसलेला नसतो. आपल्या हाताखालच्या नर्सिंग असिस्टंटना शिकवणं, जवानांची तपासणी, पाण्याची आणि लंगरची (जवानांच्या स्वयंपाकघराची) स्वच्छता, लसीकरण, उंचीवरचे आजार, गोळी किंवा सुरुंगाची जखम झाली तर रक्तस्राव थांबवून जखमीला मागे पाठवणं, हे त्याचं काम. मुलाने यातली दोन कामं जरी समजून सांगितली तरी पॅनेलमधला माणूस पुढे सरकून ऐकतो.

एक नमुना देतो.

प्रश्न : "दिल्लीच्या एम्सला जागा मिळाली तर इथे याल का?"

"हो सर, नक्की येईन, एएफएमसी हेच माझं पहिलं प्राधान्य" असं उत्तर मुलं धाडकन देतात. त्यावर पॅनेल विचारतं, "मग एमसीसीच्या पसंतीक्रमात काय भरलंय?" आणि मूल गडबडतं.

याउलट हे बघा : "सर, माझ्या गुणांना एम्स दिल्ली मिळणार नाही. नागपूर एम्स मिळण्याची शक्यता आहे. तरी मी इथे येईन, कारण मला शिस्तीच्या संस्थेत राहून शिकायचं आहे आणि कमिशनची ७ वर्षं मी अडचण म्हणून पाहत नाही. घरी याबद्दल बोलणं झालं आहे." यात गुणांची जाण आहे, बाँडची माहिती आहे आणि पालकांशी चर्चा झाल्याचं दिसतं. पुढचा प्रश्न बहुधा घरच्यांवर येईल, आणि त्याचं उत्तर तयारच असेल.

बाँडचा प्रश्न हमखास येतो. शिक्षण सोडलं किंवा कमिशन नाकारलं तर भरायची रक्कम ६० लाखांहून जास्त आहे. आकडा माहिती असावा, पण "पैसे भरून बाहेर पडता येतं ना सर" असा सूर चुकूनही लागू नये. घरात आधी प्रामाणिकपणे ठरवा. मुलीला किंवा मुलाला मनातून ७ वर्षं नको असतील तर मुलाखतीला न गेलेलंच बरं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी खरंच हवी असते.

सातारकर

काकांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. बाकी प्रश्न साधारण चार बाजूंनी येतात असं धरून चाला : अर्जात लिहिलेलं (छंद, खेळ, शाळा), राहतं गाव आणि जिल्हा, सैन्यदलं आणि चालू घडामोडी, आणि बारावीचं जीवशास्त्र-रसायन. प्रत्येकाला चारही बाजूंचे येतीलच असं नाही.

अर्जात छंद "वाचन" लिहिला की शेवटचं वाचलेलं पुस्तक, लेखक आणि त्यातलं काय पटलं नाही, हे विचारणारच. "क्रिकेट" लिहिलं तर मैदानाची मापं. जे खरोखर करता तेच लिहा. नीटच्या दोन वर्षांत छंद बंद पडला असेल तर तसं सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जिल्ह्याचा प्रश्न सोपा वाटतो आणि तिथेच मुलं गळपटतात. बुलढाण्याच्या मुलाला लोणारचं सरोवर कशामुळे झालं ते सांगता आलं पाहिजे. साताऱ्याच्या मुलीला अपशिंगे मिलिटरी हे सैनिकांचं गाव माहीत नसेल तर या मुलाखतीत ते खटकणारच. आपल्या तालुक्यात पाणी, पीक, दवाखाने यांची स्थिती काय, हे एका पानात स्वतः लिहून काढा.

सैन्याबद्दल किमान एवढं तरी हवं. एएफएमसीची स्थापना १ मे १९४८, बी. सी. रॉय समितीच्या शिफारशीवरून. एमबीबीएसची पहिली तुकडी १९६२ ची. ब्रीदवाक्य "सर्वे सन्तु निरामयाः", त्याचा अर्थही. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेचे प्रमुख म्हणजे डीजीएएफएमएस. २०२४ मध्ये सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन या पदावर आलेल्या पहिल्या महिला. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर आणि त्यांच्या आधीच्या पुनीता अरोरा, दोघीही याच कॉलेजच्या. भूदलातला कॅप्टन, नौदलातला लेफ्टनंट आणि हवाई दलातला फ्लाइट लेफ्टनंट ही समान पदं, हेही पक्कं हवं. इथे गोंधळ फार होतो.

यापलीकडे रणगाड्यांची आणि क्षेपणास्त्रांची नावं घोकण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा लष्करी वैद्यकातलं एक उदाहरण खोलात वाचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपानंतर ऑपरेशन दोस्तमध्ये ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल तिथे गेलं. हीच तुकडी, तेव्हा फील्ड अँब्युलन्स म्हणून, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली कोरियन युद्धात गेली होती. परक्या देशात रुग्णालय उभारायला काय काय लागतं, याचा विचार केलेला असेल तर त्यावर दोन मिनिटं बोलता येतं.

मोहर_लातूर

हे सगळं लिहून घेतलं. नीतीच्या प्रश्नांचं काय? म्हणजे "दोघे जखमी आहेत, आधी कुणाला बघाल" छापाचे?

वानवडीकर

त्यातला सर्वांत अवघड असा : "तुमचा जवान आणि पकडलेला शत्रुसैनिक, दोघेही जखमी. आधी कोण?" भावनेच्या भरात मुलं "आपला जवान" म्हणतात आणि पुढच्या प्रश्नात अडकतात. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात जखमींच्या उपचाराचा क्रम फक्त वैद्यकीय निकडीने ठरतो, तो कुठल्या बाजूचा आहे यावरून नाही. भारत या कराराला बांधील आहे. म्हणून उत्तर असं जावं : आधी दोघांचा श्वास, रक्तस्राव, शुद्ध बघेन, ज्याचा जीव आधी जाऊ शकतो त्याला आधी, दोघांची अवस्था सारखी असेल तर ज्याला थोडक्या उपायाने वाचवता येईल त्याला. शत्रुसैनिकाकडचं हत्यार काढून घेतलं आहे का, हे विचारणारं मूल तर फारच पुढचं.

अशा प्रश्नांत एकच बरोबर उत्तर शोधू नका. क्रमाने विचार करता येतो का आणि पॅनेलने उलट बाजू मांडली की मत लगेच बदलता का, हे पाहतात. नवा मुद्दा पटला तर बदलावं, कारण सांगून. नुसता अधिकाऱ्याचा आवाज चढला म्हणून बदलू नये.

जाई_कोल्हापूर

लेक सेमी-इंग्रजीची. सगळं येतं, पण इंग्रजीत तोंड उघडत नाही. दोन आठवड्यांत काही होऊ शकतं का?

बाराखडी_बाई

होऊ शकतं, जाईताई, पण फर्डं इंग्रजी हे ध्येय ठेवू नका. छोटी, पूर्ण, व्याकरणाने सरळ वाक्यं हे ठेवा. पॅनेल उच्चारांना गुण द्यायला बसलेलं नसतं. काय म्हणायचंय ते पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे.

रोज ५ प्रश्न घ्या. प्रत्येकाचं उत्तर आधी मराठीत तिला मोठ्याने बोलू द्या, कारण विचारच तयार नसेल तर भाषा सुचत नाही. मग त्याचे तीन मुद्दे इंग्रजीत, प्रत्येकी चार-पाच शब्दांत कागदावर. पूर्ण उत्तर लिहू नका. लिहिलं की ते पाठ होतं, आणि पाठ केलेलं मधेच तुटलं की पुन्हा सुरुवातीपासूनच आठवतं. आता मुद्दे बघून ४५ सेकंद ते १ मिनिट बोलायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, लगेच ऐकायचं. एकाच प्रश्नाची तीन रेकॉर्डिंग. तिसऱ्या वेळी "अ‍ॅक्च्युअली", "बेसिकली", "लाइक" किती आले ते मोजा. मोजायला लागलं की आपोआप कमी होतात.

पहिले चार दिवस घरच्यांसमोर, नंतर अनोळखी माणसांसमोर. सोसायटीतले निवृत्त शिक्षक, बँकेतले काका, ओळखीचे कुणी माजी सैनिक असतील तर उत्तमच. तिघांना टेबलापलीकडे बसवा, तिला दार वाजवून आत यायला सांगा, आणि त्यातल्या एकाने मुद्दाम गप्प, चेहरा निर्विकार ठेवून बसावं. मुलं त्या गप्प माणसाला घाबरतात.

ओळख करून देताना "मायसेल्फ अमुकतमुक" नको, "आय अ‍ॅम" म्हणा. गाव, शाळा, घरी कोण आहे आणि आपल्याबद्दल एक ठोस गोष्ट, एवढ्यात संपवा. प्रश्न समजला नाही तर "सर, प्लीज रिपीट" एकदा खुशाल म्हणावं. उत्तर येत नसेल तर "आय डोन्ट नो, सर" म्हणून शांत राहावं. अंदाजाने ठोकलेलं चुकीचं उत्तर, मग त्याचं समर्थन, मग माघार, यात तीन प्रश्नांचा वेळ जातो. पॅनेलमध्ये महिला अधिकारी असतील तर त्यांना "मॅम". शब्द सापडत नसेल तर हिंदीत सांगण्याची परवानगी मागता येते, पण आधी इंग्रजीत प्रयत्न दिसू द्या.

प्रमेय

मानसिक चाचणीची तयारी करवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. असल्या चाचण्यांत तोच मुद्दा शब्द फिरवून पुन्हा येतो आणि उत्तरांतली विसंगती उघडी पडते. "आदर्श अधिकारी काय लिहील" असा विचार करून उत्तरं दिली की ती आपापसांत जुळत नाहीत. आदल्या रात्री नीट झोप आणि खरी उत्तरं, हीच तयारी.

कान_नाक_घसा

मुलाखतीच्या नादात वैद्यकीय तपासणीकडे दुर्लक्ष होतं. मुलाखत उत्तम जाऊनही मुलं इथे अडकतात, आणि बऱ्याचदा आधी सहज दुरुस्त होणाऱ्या गोष्टीवर.

कानात मळ असेल तर पडदा दिसत नाही आणि तात्पुरतं अनफिट लिहितात. दोन आठवडे आधी ईएनटीकडे जाऊन साफ करून घ्या. घरी काडी घालून खरवडलं तर कानाला सूज येते आणि अडचण वाढते. टॉन्सिल, नाकाचा वाकडा पडदा, जुना फुटलेला कानाचा पडदा आधीच तपासून घ्या. किडलेले दात भरून घ्या, दातांचे गुण मोजले जातात. मुलग्यांमध्ये व्हेरिकोसील आणि हायड्रोसील (अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा आणि तिथे साठलेलं पाणी) बघतात, आणि मुलगे हे कुणाला सांगत नाहीत, म्हणून वडिलांनी मोकळेपणाने विचारावं. सपाट पाय, गुडघे एकमेकांना लागणं, कोपराचा कोन हेही पाहतात.

वजन हे सर्वांत मोठं कारण. नीटच्या दोन वर्षांत बसून वाढलेलं वजन दोन आठवड्यांत उतरत नाही. निकालाच्या दिवसापासून रोज ४० मिनिटं झपाझप चालणं, गोड आणि तळलेलं बंद. शेवटच्या आठवड्यात जेवण-पाणी तोडू नका. लघवीच्या तपासणीत ते दिसतं आणि मुलाखतीत डोकं चालत नाही.

चष्म्याचा नंबर आणि रंगदृष्टी आत्ताच तपासा. रंगदृष्टीत दोष असेल तर त्यावर उपचार नाही, आणि चाचणीच्या पाट्या पाठ करून तो लपत नाही. नंबर घालवायला घाईने लेझर करू नका : लष्कराच्या निकषांत वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी केलेली ही शस्त्रक्रिया चालत नाही, म्हणजे चष्म्यासह जे जमलं असतं तेही जातं. आधीची शस्त्रक्रिया, दमा, फिट्स काही असेल तर लपवू नका. अनफिट ठरवलं तर अपील करता येतं. त्याची मुदत तिथेच कागदावर देतात, तो कागद नीट वाचल्याशिवाय पुण्याहून निघू नका.

मोहर_लातूर

कपडे आणि कागदपत्रं?

सातारकर

मुलांनी फिका एकरंगी पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, काळे पॉलिश केलेले बूट, केस बारीक, दाढी केलेली. टाय बांधायची सवय नसेल तर नको, गळ्याशी चाळा सुरू होतो. मुलींनी सलवार-कमीज किंवा शर्ट-पँट, केस घट्ट बांधलेले, दागिने नाहीतच म्हटलं तरी चालेल. नवे बूट आदल्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

कागदपत्रांत नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, शाळेचा चारित्र्याचा दाखला, ओळखपत्र, फोटो. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते आजच बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

जाई_कोल्हापूर

राज्याच्या राउंडमध्ये आधीच कॉलेज मिळालं आणि मूळ कागद तिथे जमा झाले तर?

वानवडीकर

जमा करतानाच सगळ्यांचे रंगीत स्कॅन आणि साक्षांकित प्रतींचे तीन संच करून ठेवा. कॉलेजकडून "मूळ कागदपत्रं आमच्याकडे जमा आहेत" असं शिक्का-सहीचं पत्र घ्या, त्यात प्रत्येक कागदाचं नाव हवं. ते पत्र घेऊन मुलाखतीला जा. राज्याची जागा एएफएमसीची यादी लागेपर्यंत सोडू नका. सोडायची वेळ आली तर त्या राउंडची शेवटची तारीख आणि अनामत रक्कम जप्त होण्याचा नियम आधी वाचा. दोन्ही वेळापत्रकं एका कागदावर शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावा.

मोहर_लातूर

भाचीच्या वडिलांना धागा पाठवला. उद्या ईएनटीची वेळ घेतोय. रविवारी तिघांना टेबलापलीकडे बसवतो, त्यातला एक शेजारचे निवृत्त सुभेदार. तिने काही नवीन विचारलं तर इथेच टाकतो.